जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधे तापलेली काच

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपल्याकडे कुणी अभिमानानं म्हणतं, कुणी टोमणा म्हणून. मी परभणी तालुक्यातल्या पेडगावचा, त्यामुळे दोन्ही सुरांत भरपूर ऐकलंय. पण आजच्या विषयात जर्मनीही आहे आणि परभणीही आहे, आणि दोघांच्या मधे एकच वस्तू आहे: काच. तीही तापलेली काच.

आता काच म्हटलं की आपल्याला वाटतं, यात काय इतिहास? वाळू वितळवली, काच झाली. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत काचेची जी प्रगती झाली, तिचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो. तापल्यावर काच जशी होती तशी राहील का? कंदील बनवणाऱ्याला हा प्रश्न पडला, थर्मामीटर बनवणाऱ्याला पडला, आणि आज फ्लोराइड काचेतून लेझरचा प्रकाश नेणाऱ्यालाही पडतोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. उष्णता काचेला दोन प्रकारे बिघडवते.

पहिला प्रकार आपण घरात बघितलाय. गरम ग्लासात थार पाणी ओतलं की तडक. काचेचा एक भाग आकसतो, दुसरा अजून फुगलेलाच असतो, दोघांची ओढाताण होते आणि काच फुटते. एक मीटर लांबीची साध्या काचेची पट्टी १०० अंशांनी तापवली तर साधारण ०.९ मिलिमीटर वाढते. बोरॉन घातलेली बोरोसिलिकेट काच ०.३३ मिलिमीटर वाढते. शुद्ध सिलिकाची काच जेमतेम ०.०५ मिलिमीटर. जेवढी वाढ कमी, तेवढी तडकायची भीती कमी.

दुसरा प्रकार दिसत नाही, म्हणून जास्त फसवा. काच म्हणजे घाईत गोठलेला द्रव. तिच्यातल्या अणूंना रांगेत बसून स्फटिक व्हायचं होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. पुन्हा तापवलं की त्यांना तो वेळ मिळतो. मग आतल्या आत बारीक स्फटिक तयार होतात आणि पारदर्शक काच दुधाळ होते.

हा दुसरा प्रकार आपल्या स्वयंपाकघरातही आहे. चिक्की करताना पाक नीट जमला तर तो काचेसारखा कडक आणि चकचकीत होतो. जमला नाही तर पाकाची परत साखर होते, रवाळ आणि पांढरी. आई पाकात लिंबू पिळते ते यासाठीच. लिंबाच्या आंबटपणामुळे साखरेचे काही रेणू फुटतात, वेगळ्या जातीचे रेणू तयार होतात आणि ते रांगेत लुडबुड करतात. रांग लागत नाही, स्फटिक होत नाही. हे लिंबू लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये ते पुन्हा भेटणार आहे.

आधी जर्मनी

१८८४ मध्ये जर्मनीतल्या येना गावात ऑटो शॉट या रसायनशास्त्रज्ञानं काचेची प्रयोगशाळा काढली. सोबत होते भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे कार्ल झाइस व त्यांचा मुलगा रोडेरिख. त्या काळातली एक डोकेदुखी थर्मामीटरची होती. थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून मग बर्फात ठेवला, तर तो शून्याच्या थोडं खाली दाखवायचा. पारा ठीक होता, गडबड काचेत होती. तापल्यावर फुगलेला काचेचा फुगा थंड झाला तरी लगेच मूळ आकारात येत नव्हता. म्हणजे काचेला आधीची उष्णता आठवत होती. शॉट यांनी वेगवेगळ्या मिश्रणांच्या काचा करून पाहिल्या आणि ही आठवण खूप कमी करणारी काच बनवली.

काचशास्त्रात याला आजही ‘थर्मल हिस्ट्री’ म्हणतात, म्हणजे काचेचा उष्णतेचा इतिहास. एकाच मिश्रणाचे दोन तुकडे घ्या. एक पटकन थंड करा, दुसरा हळूहळू. दोघांचे गुणधर्म वेगळे येतील. फक्त रेसिपी माहीत असून भागत नाही, कुठल्या क्रमानं आणि किती वेगानं थंड केलं हेही माहीत असावं लागतं. काच तयार झाल्यावर तिला ठरावीक वेगानं, सावकाश थंड करण्याच्या कामाला अ‍ॅनीलिंग म्हणतात. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनीही हा शब्द उसना घेतलाय. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’ हा अल्गोरिदम तापलेल्या पदार्थाला हळू थंड करण्याच्या याच कल्पनेवर उभा आहे.

शॉट यांच्या बोरोसिलिकेट काचेला पुढे मोठं गिऱ्हाईक मिळालं ते दिव्यांच्या चिमण्यांचं. १८९० च्या दशकात युरोपात गॅसबत्तीच्या जाळ्या आल्या, ज्योत जास्त तापू लागली आणि साध्या काचा फुटू लागल्या. येनाच्या चिमण्या टिकल्या.

मग आपण

त्या वेळी आपल्याकडे दिव्याच्या काचा बहुतेक बाहेरून यायच्या. स्वदेशीच्या चळवळीत हा प्रश्न पुढे आला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सुरुवातीला त्याची धुरा सांभाळली. हा नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. इथं शिकलेली माणसं देशभरातल्या काच कारखान्यांत गेली. आजच्या भाषेत हे क्राउडफंडिंग म्हणा, पण लक्षात घ्या की एका पैशाच्या वर्गणीतून त्यांनी वस्तूंच्या आधी माणसं तयार केली.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा माल बंद झाला. युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये, श्रीपाद प्रभाकर ओगले यांनी कराडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले काच कारखाना सुरू केला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जसा किर्लोस्करांना आसरा दिला होता, तसा ओगल्यांनाही दिला. वस्ती वाढली, तिचं नाव ओगलेवाडी पडलं. याच ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घराघरांत गेला. तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा, बहुतेकांना नाव आठवेल.

कंदिलाची काच म्हणजे काय परीक्षा असते, याचा विचार करा. आत ज्योत, बाहेर पावसाळी वारा. एका बाजूनं तापतेय, दुसऱ्या बाजूनं थेंब पडतोय. पत्रा, वात, तेलाची टाकी हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण काच तडकली की कंदील विझतो आणि रात्री शेतात पाणी द्यायला निघालेला माणूस अंधारात उभा राहतो. इथं चांगली काच म्हणजे सगळीकडे सारख्या जाडीची, आणि फुंकून झाल्यावर भट्टीत सावकाश थंड केलेली काच. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत जास्त असतं.

वीज आली, कंदील अडगळीत गेला, पुढे ओगल्यांचा कारखानाही बंद पडला. काळ बदलला, त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण कारखान्याबरोबर भट्टीवरची ती नजरही पांगली, आणि तिची नोंद कुठल्या ताळेबंदात होत नाही.

अपघातानं सापडलेली तिसरी वस्तू

आता जरा अमेरिकेत जाऊ. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कॉर्निंग कंपनीतले डोनाल्ड स्टूकी एक काच ६०० अंशांना तापवत होते. भट्टीचा कंट्रोलर बिघडला आणि तापमान ९०० च्या घरात गेलं. त्यांना वाटलं, काच वितळून भट्टीचा सत्यानाश झाला असणार. उघडून बघितलं तर पट्टी तशीच, फक्त पांढरीशुभ्र. चिमट्यात धरून काढताना ती हातची सुटली, जमिनीवर आपटली आणि फुटली नाही.

झालं असं होतं की त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. जादा उष्णतेत त्या कणांभोवती असंख्य बारीक स्फटिक उगवले. म्हणजे आपण मघाशी बघितलेला ‘बिघाड’च झाला होता, पण सगळीकडे एकसारखा आणि बारीक. अर्धी काच, अर्धी स्फटिक अशी ही वस्तू म्हणजे काच-सिरॅमिक. १९५८ मध्ये त्याची कॉर्निंगवेअर भांडी बाजारात आली. १९६८ मध्ये जर्मनीत शॉट कंपनीनं झेरोडुर बनवलं. त्यात स्फटिक तापल्यावर आकसतात आणि उरलेली काच फुगते. दोन्ही एकमेकांना फेडतात आणि एकूण वाढ जवळजवळ शून्य. म्हणून मोठ्या दुर्बिणींचे आरसे त्याचे करतात.

आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही काच-सिरॅमिकवर काम केलंय. त्यातला एक प्रकार साध्या लेथ मशिनवर कापता येतो, त्याला भोकं पाडता येतात. रहस्य आहे फ्लोरीन. त्यामुळे आत अभ्रकाचे छोटे पापुद्रे तयार होतात आणि भेग पुढे सरकायला लागली की पापुद्र्यांत अडकून थांबते. मात्र हा पदार्थ पांढरा असतो, त्यातून आरपार दिसत नाही. उष्णतेला टिकणारं आणि तरीही पारदर्शक असं काही हवं असेल तर वेगळी वाट शोधावी लागते.

फ्लोराइडची काच

आपल्या भागात फ्लोराइड म्हटलं की आठवतं ते बोअरचं पाणी, पिवळे डाग पडलेले दात, नांदेड-यवतमाळ-चंद्रपूरकडची वाकलेली हाडं. पण हेच फ्लोरीन काचेत ऑक्सिजनच्या जागी बसवलं तर?

१९७४ मध्ये फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात मिशेल आणि मार्सेल पुलाँ हे भाऊ आणि जाक लुका लेझरसाठी नवे स्फटिक शोधत होते. झिर्कोनियम, बेरियम, सोडियम यांच्या फ्लोराइडांचं मिश्रण थंड केलं आणि स्फटिकाऐवजी हाती आली काच. झिर्कोनियमच्या फ्लोराइडापासून अशी काच होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ही काच वेगळी का? नेहमीच्या सिलिका काचेतले बंध घट्ट आणि अणू हलके, म्हणून ती लांब तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेते. फ्लोराइड काचेतले अणू जड आणि बंध सैल. ते सावकाश थरथरतात, त्यामुळे बराच पुढचा इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो. हिशोब मांडला गेला आणि सगळे उडालेच. तुमच्या गावात आलेल्या सिलिकाच्या ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश साधारण १५ किलोमीटरला निम्मा होतो. फ्लोराइड फायबर कागदावर तरी ३०० किलोमीटरला निम्मा करणार होता. समुद्राखालच्या केबलमध्ये वाटेत लागणारे अ‍ॅम्प्लिफायर किती कमी झाले असते, बघा.

पण ज्या सैल बंधांमुळे ही काच हवीशी होती, त्याच बंधांमुळे ती नाठाळ निघाली. वितळल्यावर ती पाण्यासारखी पातळ होते, अणू सुसाट पळतात, पटापट रांगा लावतात आणि स्फटिक होतात. फायबर ओढायचा तर काच पुन्हा तापवून मऊ करावी लागते, आणि नेमकं तेव्हाच हे घडतं. एकेक स्फटिक म्हणजे प्रकाशाच्या रस्त्यावरचा खड्डा.

मग सुरू झाली उष्णतेला टिकवण्याची धडपड, आणि इथं आपलं लिंबू परत येतं. शास्त्रज्ञांनी मिश्रणात थोडं लँथेनम आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड घातलं. वेगवेगळ्या आकाराचे अणू आले की रांग लावताना गोंधळ होतो आणि स्फटिकाला उशीर होतो. झिर्कोनियम, बेरियम, लँथेनम, अ‍ॅल्युमिनियम, सोडियम यांच्या चिन्हांवरून या काचेचं नाव पडलं झेडब्लॅन. ती साधारण २६० अंशांना मऊ व्हायला लागते आणि ३५० च्या आसपास स्फटिक धरते. या मधल्या शंभरेक अंशांच्या खिडकीतच सगळं काम उरकायचं. खिडकी जेवढी रुंद तेवढी काच टिकाऊ, हे मोजायचं साधं माप. त्यात ओलावा किंवा ऑक्सिजन शिरला तरी स्फटिक उगवतात, म्हणून काम कोरड्या, बंद पेटीत चालतं.

एवढं करूनही ३०० किलोमीटरचं स्वप्न आजवर पुरं झालेलं नाही. काहींनी तर ही काच अवकाशात नेली, कारण गुरुत्वाकर्षण जवळजवळ नसताना वितळलेल्या काचेत ढवळाढवळ कमी होते आणि स्फटिकही कमी उगवतात. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ११ किलोमीटरहून जास्त झेडब्लॅन फायबर ओढला गेला.

दुसरी वाट काढली १९९३ मध्ये जपानच्या वांग आणि ओहवाकी यांनी, आणि मला ती जास्त आवडते. स्टूकींचा धडा त्यांनी इथं लावला. स्फटिक होणारच असतील तर होऊ द्या, पण आपल्या अटींवर. त्यांनी मजबूत ऑक्साइड काचेत फ्लोराइड मिसळलं आणि मोजून मापून तापवलं. काचेच्या आत जेमतेम २० नॅनोमीटरचे फ्लोराइडचे स्फटिक तयार झाले. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा ते इतके लहान की प्रकाशाला ते जाणवतच नाहीत, म्हणून काच पारदर्शकच राहिली. प्रकाश देणारे एर्बियम-यटर्बियमचे अणू फ्लोराइडच्या कुशीत बसतात आणि उष्णतेचा मार बाहेरची दणकट काच झेलते. पहिल्या मिश्रणात शिसं आणि कॅडमियम होतं. पुढे लँथेनम फ्लोराइड वापरून ते टाळता आलं. इथंही सगळा खेळ वेळापत्रकाचा. काही अंश जास्त, थोडा वेळ जास्त, की स्फटिक मोठे होतात आणि काच दुधाळ.

आणि झेडब्लॅन वाया गेली असंही नाही. इन्फ्रारेड लेझरमध्ये ती आहे. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणात फ्लोराइड काचेचे फायबर आहेत. २०१८ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराजवळून एक तारा गेला, तो या उपकरणानं टिपला. निम्म्या जगाला केबल पुरवायचं स्वप्न होतं, काम मिळालं काही मीटरचं. पण काय काम!

आता परभणी

हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. त्या हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. गुरुत्वीय लहरी ऐकणारी वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र अशा संस्था त्यात आहेत.

लायगोचा मुख्य आरसा शुद्ध सिलिका काचेचा असतो: ३४ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड, ४० किलो वजन. लेझरच्या दर ३० लाख प्रकाशकणांतला साधारण एकच तो शोषतो. तरी तेवढ्यानं तो मधोमध जरासा तापतो, फुगतो आणि त्याचा आकार बदलतो. त्यावर उपाय काय, तर आरशाभोवती हीटरचं कडं बसवतात आणि कडेनं मोजकी उष्णता देऊन आकार परत जागेवर आणतात. कंदिलाच्या काचेचाच प्रश्न, फक्त माप अणूपेक्षाही बारीक.

या वेधशाळेचे महत्त्वाचे भाग अमेरिकेकडून यायचे आहेत, आणि त्यात गैर काही नाही. विज्ञान असंच चालतं. पण आपल्यापुढे असलेला खरा प्रश्न वेगळा आहे. ती वेधशाळा चालवायला, आरसे हाताळायला, पुढचे आरसे आणि पुढच्या काचा बनवायला माणसं कुठून येणार? ईश्वरदास वार्ष्णेय आधी शिकून आले, मग तळेगावात त्यांनी इतरांना शिकवलं. ओगलेवाडीत ते ज्ञान हातात उतरलं आणि मग पांगलं. कलकत्त्याला केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० मध्ये निघाली. परदेशातून तंत्र मिळेना, तेव्हा डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली तिथं दुर्बिणींना लागणारी ऑप्टिकल काच देशातच तयार झाली. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. जमलेलं टिकवून धरणं जास्त अवघड जातं.

रेसिपी आज मोबाइलवर मिळते. झेडब्लॅनचं प्रमाणही मिळेल, दोन मिनिटांत. मिळत नाही ते भट्टीपुढे घालवलेलं आयुष्य. औंढ्याच्या आसपासच्या, जिंतूरच्या, सेलूच्या, आमच्या पेडगावच्या शाळांत आज जी पोरं विज्ञानाच्या तासाला बसली आहेत, त्यांतली काही जरी काच, लेझर, उष्णता या विषयांकडे वळली, तर ‘भारतात परभणी’ म्हणताना कुणाला टोमण्याचा सूर लावता येणार नाही. आणि वळायचं असेल तर आत्ता वळा. भिंती उभ्या राहतील, यंत्रं येतील, पण काचेसारखीच माणसंही घाईत घडवता येत नाहीत.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरात जुना प्रभाकर कंदील असेल तर भंगारात देऊ नका. काच पुसा आणि आजोबांना विचारा, किती वर्षं टिकली ही?